अर्धा शब्द

ओबुयाच्या सलूनमध्ये टीव्ही दारावर टांगलाय,
आतल्या बाजूने.
म्हणजे खुर्चीतल्या माणसाला तो आरशात दिसतो,
आणि रस्त्यापलीकडे ओमेनाचे ढीग लावून बसलेल्या मलाही
आरशातच.
बातम्या देणाऱ्या बाईचा भांग
मी आजवर चुकीच्याच बाजूला पाहिलाय.

चार वाजले की पोरं येतात.
चपला उंबऱ्याशी, कापलेल्या केसांवरच बसकण,
तोंडं दाराकडे.
माझ्या बहिणीची आपोंडी सगळ्यांच्या पुढे.
जानेवारीत खऱ्या शाळेत जाईल;
तोवर शाळा ही, अर्ध्या तासाची.
फी नाही. ओबुयाला अधूनमधून मूठभर मासळी.

पडद्यावर एक कापडी बगळा येतो.
त्याच्या एका डोळ्याचं बटण सैल झालंय.
सरोवरात चोच घालतो आणि अक्षर ओढून काढतो,
ओलं, वळवळणारं.
काल आधी निघालं दोन शिखरांचं: म्‌म्‌म्‌,
ओठ मिटून, गूळ चाखल्यासारखं.
मग तंबूसारखं: आ,
डॉक्टरला घसा दाखवल्यासारखं.
दोन्ही सरकत सरकत आली, चिकटली:
मा.
पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं.

मला मात्र आरशात आधी तंबू दिसला, मग शिखरं.
कानात एक, डोळ्यांत दुसरंच.
दुसरीत माझी शाळा सुटली ती सुटलीच,
तेव्हापासून शब्द मला असेच भेटतात,
पाठमोरे, कुठेतरी निघालेले.

"मा..." म्हणत बगळ्याने पुन्हा पाण्यात चोच घातली
आणि वीज गेली.

ओबुयाचं मशीनही थांबलं.
खुर्चीत मोटारसायकलवाला ओडेरा,
डाव्या बाजूने चकचकीत, उजव्या बाजूने रान,
आणि संध्याकाळी त्याला मुलगी बघायला जायचं होतं.
"कात्रीने कर!" तो ओरडला.
"कात्री मामेभावाकडे," ओबुया म्हणाला.

पण पोरं उठेनात.
काळ्या काचेत आता फक्त तीच होती, रांगेने बसलेली,
आणि बगळ्याच्या चोचीत कुठेतरी अडकलेला
अर्धा शब्द.
"माजी!" आपोंडी म्हणाली. पाणी. चोच पाण्यातच होती ना?
"मायाई!" अंडी. हा भुकेला असणार.
"मातोपे!" चिखल, आणि त्यावर भांडण,
कारण चिखल अक्षरांत मावतो का?
सगळ्यात धाकटा म्हणाला "मामा",
आई, आणि रडायलाच लागला.
"मादेनी," मी रस्त्यापलीकडून ओरडले. कर्ज.
माशीसुद्धा हसली असती.
"मालिपो!" ओबुया म्हणाला, पैसे, ओडेराकडे बघत.
"अर्ध्या डोक्याचे अर्धे," ओडेरा म्हणाला,
टोपी घातली आणि तसाच गेला.

वीज रात्री आली. तेव्हा पडद्यावर फुटबॉल होतं.
ओडेराचं डोकं आज सकाळी पुरं झालं;
मुलीकडच्यांनी काय म्हटलं, ते तो सांगत नाही.
आज चार वाजता बगळ्याने नवंच अक्षर काढलं,
कालच्या शब्दाचं नावही नाही.
पोरं नव्या अक्षरामागे गेली.
आपोंडी तेवढी मधेच उठून आली, रस्ता ओलांडून.

माझ्या रिकाम्या परातीत मासळीचा भुगा होता,
चंदेरी, पिठासारखा.
समोर उकिडवी बसली, बोटाने काढलं काहीतरी,
आणि विचारलं, "काय?"
मला दिसलं नरसाळं. त्याच्यापुढे दोन खड्डे.
काल तंबू होता, आज नरसाळं.
मी म्हटलं, "तुझं हे अक्षर रोज कपडे बदलतं."

ती हसली नाही.
ओबुया गिऱ्हाइकाची मान धरून नीट वळवतो,
तसं तिने माझं मनगट धरलं.
"मावशी, तिकडून नाही लागणार.
इकडे ये."

समोर एक बाई ओमेनाचा भाव विचारत उभी होती.
थांब म्हटलं तिला,
आणि स्टूल उचललं.