लिफ्ट बंद आहे

दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर
उत्तरायणाला दोन गोष्टींचा निकाल लागतो:
उंधियूत सुरण जास्त झालं का, आणि
'लिफ्ट बंद आहे'चा सर्वांत चांगला अल्बम कुठला.

बँडचं नाव आहे हे. सयाजीगंजात पोस्टरं लावली
तेव्हा अख्खं कॉम्प्लेक्स आठवडाभर जिने चढलं.
कार्यक्रमाला आले अकरा जण,
तेही धापा टाकत.

नियम असा, की ज्याचा पतंग कापला
त्याचा अल्बम एक पायरी खाली.
एकोणीस वर्षं मी फिरकी धरते
आणि एकोणीस वर्षं अभिजात शिर्के हरतो
'मगरीचा रजेचा अर्ज'साठी.

आवडतो मलाही. विश्वामित्रीतली मगर लिहिते,
महोदय, पाण्याला वास येतो,
सबब तीन दिवस किरकोळ रजा मिळावी,
आणि मागे नफीसा वोहराची पेटी
प्रत्येक 'सबब'ला शिंकते.
पण दुसऱ्या बाजूला काय? पुन्हा तीच मगर.
आजारपणाची रजा.

"मग पहिला घ्या," कौस्तुभ म्हणतो, तोंडात चिक्की.
'कृपया जिन्याचा वापर करावा'. कॅसेट.
शिल्पकलेच्या गोदामात रेकॉर्ड केलेली.
शेजारी कुणीतरी संगमरवर घासत होतं,
ते घासणं आम्हाला तोंडपाठ,
कुठे थांबतं, कुठे पाणी मारतात.
सीडी काढताना त्यांनी ते साफ केलं.
तेव्हापासून मी त्या सीडीशी बोलत नाही.

'दुपारी एक ते चार'वर भांडण होत नाही.
झोपलेल्या दुकानदारांसाठी कुजबुजलेली नऊ गाणी,
दहावं म्हणजे नुसतं शटर.
जागेपणी शटरपर्यंत
कुणीच पोचलेलं नाही.

आणि तळाला, कायमचा, 'सुटे पैसे'.
त्यात विनोद नाही. भाड्यानं आणलेली चार व्हायोलिनं आहेत.
यशोधन खानविलकर त्यात डोळे मिटून गातो,
हे ऐकूनसुद्धा कळतं.
लोक कॅसेट घेऊन दुकानात परत गेले.

मी बँकेतून घरी येताना
अलकापुरीच्या नाल्याखाली अडकलेल्या रिक्षात
तोच ऐकते. कुणाला सांगितलेलं नाही.
सहाव्या गाण्याच्या शेवटी
ड्रमवाल्या भावसारला वाटतं टेप थांबली,
तो विचारतो, "चा मूकुं?"
आणि खानविलकर, आवाज अजून गाण्यातच, म्हणतो, "अर्धा."
त्या 'अर्धा'ला कितवा नंबर देऊ?

खानविलकर आता गच्च्यांचं वॉटरप्रूफिंग करतो.
आमचीही त्यानंच केली, गेल्या मे महिन्यात.
अभिजातनं धीर करून विचारलं, तुमचा स्वतःचा आवडता?
त्यानं टाचेनं फरशी ठोकून पाहिली.
"ही दहा वर्षं गळणार नाही."

यंदा फिरकी मी अभिजातच्या हातात दिली.
पांढऱ्या पतंगावर स्केचपेननं लिहिलं, सुटे पैसे.
"वेडी आहेस का," तो म्हणाला, पण ढील दिली.
अकराच्या सुमारास मगर कापली. मग जिना.
'दुपारी'चा पतंग कौस्तुभच्या भाच्याकडे होता, तो झोपला.
बोटाला चीर गेली होती आणि
अख्ख्या आकाशात तळाचा अल्बम एकटाच
शेपूट नसलेला, जरा डावीकडे कललेला.

तीन मिनिटं असेल.
मग पलीकडच्या गच्चीवरून एक काळा
खालून वर, सरळ.
"काप्यो छे!"
'छे'वर बेसूर होणारा तो आवाज
आम्ही चार अल्बम ओळखतो.
अभिजात फिरकी गुंडाळायची विसरला.

खाली गल्लीत पोरांनी झाडाच्या फांदीनं
पतंग अडवला. एकानं अक्षरं लावली
आणि वर बघून ओरडला,
"ए, छूटा पैसा कोना छे?"
"माझे," मी म्हणाले.

पलीकडून, थोड्या वेळानं,
"अर्धे."