चुन्याखालची अक्षरं

सकाळी साडेनऊ. तासगाव, शीतगृहाचं ऑफिस.
सौद्याआधी कालचा बेदाण्याचा दर बघावा म्हणून
पान उघडते, तर आकडे दिसता दिसता
त्यांच्यावर राखेसारखं काही पसरतं, मधोमध पाटी:
तुम्ही जाहिराती अडवताय.
अडवणं थांबवा, मग दर बघा. आम्हालाही पोट आहे.

पोटाचं वाक्य लांबून आलेलं नाही.
ते इथल्याच कुणीतरी लिहिलंय.

तरी मी हटत नाही.
वजनकाट्यावरच्या धैर्यशीलनं शिकवून ठेवलंय:
पान भरत असतानाच एस्केप दाबायचं,
पाटी उठायच्या आत. क्षणभर उशीर झाला की गेलं.
नाहीतर नवी यादी घालायची. ती चार दिवस चालते,
पाचव्या दिवशी ते कुलूप बदलतात,
सहाव्या दिवशी धैर्यशील किल्ली घासून आणतो.
हिरवा, एक नंबर: दोनशे दहा. दिसलं. मिटलं.

का अडवते, हे मला कुणी विचारत नाही.
अम्मी अंथरुणाला खिळली तेव्हा
एकदा, फक्त एकदा, हवेच्या गादीची किंमत पाहिली होती.
पाठीला जखमा होत नाहीत म्हणे तिच्यानं.
गादी मागवायच्या आधी अम्मी गेली.
गादी मात्र येत राहिली. दराशेजारी,
नमाजाच्या वेळांशेजारी, लाईट बिल भरताना.
अजून विचार करताय? आता वीस टक्के सूट.
चाळिसावा झाला तरी सूट वाढतच होती.

आणि हे सांगतेय कोण,
तर बाबालाल पेंटरची लेक.
मणेराजुरीपासून भिलवडीपर्यंत
युरिया, सिमेंट, बनियन, मुतखड्याचं औषध,
चौरस फुटाला सव्वा रुपया.
'येथे जाहिरात लावू नये' हेही अब्बाच रंगवायचे.
दर तोच. फक्त 'नये'च्या मात्रांना झोक जरा जास्त.

कवठे एकंदच्या वाटेवर एका भिंतीवर
त्यांनी न विचारता पंपाची जाहिरात काढली.
घरमालकानं रात्रीत चुना फासला.
अब्बांनी परत काढली. त्यानं परत फासला.
असं पाच वेळा, आणि कंपनी पैसे देणार एकदाचेच.
सहाव्या वेळी म्हातारा बादली घेऊन बाहेरच उभा.
म्हणाला, पेंटर, विचारलं असतंस तर नाही म्हटलं नसतं.
आधी दारावर माझ्या सुनेचं नाव काढ, सरपंच झालीय.
मग ओढ तुझा पंप.

ती भिंत अजून आहे. चुना पोपडे धरून गळलाय,
सगळे पंप एकमेकांतून दिसतात,
प्रत्येक बोटभर सरकलेला.
अब्बा एसटीतून बघतात आणि म्हणतात, तिसरा बरा जमला होता.

परवा पानाच्या तळाशी फोन नंबर सापडला. लावला.
पलीकडे पोरगा, मागे कुकर शिट्ट्या देत होता.
विचारलं, माझ्याकडून जाहिरातींचे
महिन्याला किती सुटले असते तुला?
तो बराच वेळ हिशेब करत राहिला.
सहा रुपये, म्हणाला. सात धरा.
रोज सौद्यात उभा राहून दर लिहून घेतो ताई,
गाडीचं पेट्रोलही निघत नाही.
मी वर्षाचे शंभर पाठवले.
तो गप्प. मग म्हणाला,
पण पाटी तर सगळ्यांनाच दिसते,
तुमच्यापुरती काढायची कशी, ते मला येत नाही.

आज साडेनऊ. पाटी आहे.
आम्हालाही पोट आहे.
आहे रे बाबा, म्हणते, आणि एस्केप दाबते.
खालून, काट्यावरून, धैर्यशील ओरडतो, लागलं का?
लागलं. दोनशे बारा.