दार बंद

परळच्या इस्पितळाचं तळघर, जिथली थंडी
आधी गुडघ्यांना कळते.
कुमुदिनीने मंगळसूत्र काढून माझ्या तळहातावर ठेवलं.
"धातू चालत नाही," टेक्निशियन पोरगा म्हणाला.
बेचाळीस वर्षांत ते एकदाच उतरलं होतं,
पित्ताशयाच्या ऑपरेशनला.
वाट्यांना अजून तिच्या अंगाची ऊब. मी मूठ मिटली.

ती बोगद्यात सरकली. काचेपलीकडून
धडधड, मग टकटक, मग
पत्र्याच्या पिंपात कुणी खिळे ढवळावेत तसं काही.
ती हलली नाही.
हल्ली घरीही फारशी हलत नाही.
कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरते,
डाळ करपते,
आणि करपली म्हणून तिला वाईटही वाटत नाही.
त्याचीच मला जास्त भीती.

मी बेस्टमध्ये मीटर वाचायचो. चौतीस वर्षं.
भायखळा, माझगाव, काळाचौकी.
जिन्याखालच्या लाकडी पेट्या, टॉर्च, पाली,
काचेवरची धूळ अंगठ्याने पुसायची, आकडा वहीत.
अंदाजाने कधी लिहिला नाही.
कुलूप असेल तर तसंच लिहायचं: दार बंद.
बिल मग सरासरीने जायचं
आणि लोक माझ्या नावाने बोटं मोडायचे.

डॉक्टर रिबेलो माझ्या भाचीच्या वयाची.
तिने पडद्यावर कुमुदिनीचा मेंदू
काप काप करून उघडला.
अक्रोड म्हणतात, मला तो
मंडईत उरलेल्या फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा वाटला.
"हे पांढरे ठिपके दिसतात?"
दिसले. ओळखीचेही वाटले.
खाऱ्या हवेने तळमजल्याच्या भिंतीला
रंगाखालून लोणा फुटतो, तसे.
वरून कितीही हात मारा, तो आतून येतो.

"याच्यामुळे गप्प झाली का ती?"
"तेच तर शोधतोय, काका.
उदासी आधी की विसर आधी,
की दोन्ही एकाच भिंतीतून. अजून नाही कळलं."
नाही कळलं म्हणणारी डॉक्टर
मी पहिल्यांदाच पाहिली.

मग तिनेच विचारलं, तुम्ही याल?
निरोगी गटात. तुलनेला माणसं कमी पडतात.
टॅक्सीचं भाडं मिळेल, चहा-बिस्किटं.
घड्याळ, पट्टा, कवळी ट्रेमध्ये.
त्याआधी तीस प्रश्न, हो की नाही.
सकाळी उठावंसं वाटतं? हो.
उगाच भरून येतं? नाही.
पुढचं काही चांगलं दिसतं? हो, हो.
बँकेचा फॉर्म भरावा तसा भरला, एक खाडाखोड नाही.
फाइलवर लिहिलं गेलं: नॉर्मल.

रात्री शिवडीला, भांडी घासताना
(आता मीच घासतो)
कढई हातात तशीच राहिली.
तिची उदासी आता माझ्यावरून मोजणार.
माझ्या खोट्याची पट्टी
तिच्या मेंदूला लावून म्हणणार, इतकी कमी.
चाळीस निरोगी माणसांतला मी एक.
आणि बाकीचे एकोणचाळीस?
बाहेर बाकावर कुणाकुणाची बायको, कुणाचा नवरा
पर्स पोटाशी धरून बसलेला असताना
त्यांनी काय लिहिलं असेल?

सोमवारी फोन केला.
म्हटलं, बाई, त्या दिवशीचं माझं रीडिंग
धरू नका.
"म्हणजे?"
म्हणजे मीटर आत होता. दार बंद होतं.
मी सरासरी लिहून मोकळा झालो.
ती हसली नाही.
कागद सरकल्याचा आवाज आला, बराच वेळ.
"मग पुन्हा याल का?"

गुरुवार. तोच बाक.
आपण कुठे आलोय, कुमुदिनी विचारते, तिसऱ्यांदा.
माझी मोजणी आहे, मी सांगतो,
आणि घड्याळ काढून तिच्याकडे देतो, सांभाळ.
ती ते कानाला लावते.
आतून पोरगा माझं नाव पुकारतो.
थांब, ती मला हाताने खुणावते,
ऐकू दे.