बोटभर माती

गोकाकच्या अलीकडे, घटप्रभेच्या काठावर
रस्त्यासाठी टेकडी कापली आहे.
अनघानं गाडी तिथं थांबवली.
"काका, तुमची मोजणीची नजर लावा. हद्द दाखवा."

एकतीस वर्षं मी साखळी ओढली.
पंचनामे कन्नडात, भांडणं मराठीत,
दोन्हीकडच्या शिव्या बाळाप्पा तळवार खायचा
आणि खुणेचा दगड अखेर निघायचाच,
हातभर खाली, लाजल्यासारखा.

खालचा दगड गुलाबी, कणीदार,
शंभर कोटी वर्षांहून जुना.
तेव्हा जगात हाड ही वस्तूच नव्हती.
वरचा काळा, लाव्ह्याचा, साडेसहा कोटींचा,
म्हणजे ती उडणारी मंडळी संपली त्या सुमाराचा.
मध्ये बोटभर तांबडी माती.

"त्यांचा सगळा संसार," ती म्हणाली,
"पहिल्या झेपेपासून शेवटच्या सावलीपर्यंत
या बोटात बसतो. आपल्याकडे उतारा कोरा."
मी बोट लावलं. भुसभुशीत.
नखात थोडी आली.

तिचं काम परदेशी खडकातल्या कवट्यांचं.
क्ष-किरणांनी त्या न फोडता उघडायच्या
आणि आतल्या कानाच्या कमानी मोजायच्या,
तोल सांभाळणाऱ्या, तीन.
कान केव्हाच गेला, पोकळी तेवढी राहिली.

आल्प्सच्या चुनखडीत टेरोसॉर सापडतो
तो थेट पंखांसकट.
लांब शेपूट, एकेका दाताला तीन-तीन, पाच-पाच टोकं,
एकवीस कोटी वर्षांपूर्वी आयता उडणारा.
अर्ध्या पंखाचा कुणी अजून मिळालेला नाही.
असे खातेदार आम्ही पाहिलेत:
नाव लागलेलं, वहिवाट चालू,
बाप कोण, फेरफार कुठला,
काय की.

मग भावकी लावायची कशी?
साक्षीदार मेले की आम्ही नाक बघायचो,
चालण्याची ढब बघायचो.
ती कान बघते.
जमिनीवर तुरुतुरु पळणारं एक जनावर, मांजराएवढं,
शास्त्रानं नाव ठेवलं ससा-सरडा.
पंख नाही, पंखाचा विचारही नाही,
पण कानातल्या कमानी तशाच, ऐसपैस वळलेल्या,
जणू उडण्याची गरज पडण्याआधीच
तोल घरात येऊन बसला होता.
"हे चुलत," ती म्हणाली. "आजोबा नव्हे हं, चुलत."
हा फरक न कळल्यानं आमच्याकडे डोकी फुटलीत.

दिवे लागायच्या वेळी
धबधब्याजवळच्या देवळातून वटवाघळं सुटली.
"आणि ही?"
"छे! यांचा काही संबंध नाही.
यांचा पंख चार बोटांवर. त्यांचा एकाच,
चौथ्या."
माझा हात ओढून तिनं अंगठ्यापासून मोजलं,
एक, दोन, तीन,
आणि थांबली, अंगठी रुतलेल्या बोटावर.
करंगळी म्हणे त्यांनी टाकूनच दिली.
मी म्हटलं, या बोटाला आपण अनामिका म्हणतो.
ती हसली. मग हसायची थांबली
आणि ते बोट धरून उभी राहिली काही वेळ,
अंधार पडेपर्यंत.

बाळाप्पा असता तर टिकाव खांद्यावर घेऊन म्हणाला असता,
दगड निघाला नाही म्हणून हद्द नाही
असं नसतंय साहेब.
आणि हातभर खणू की.