बिघाड काही नाही

कुवेतहून आलेला तो डबा
मुश्ताक परकारने माझ्या टेबलावर ठेवला
तेव्हा दुकानात क्षणभर उजेड पडला.
खरंच पडला. काचेला आतून दिवा होता,
चार हजार रंग, असं खोक्यावर छापलेलं,
आणि हातात घेतल्यावर वजन कसं,
ताज्या पापलेटाचं कळतं ना, तसं.

"बघ जरा, चालत नाही."

मी चार स्क्रू काढले.
आत सगळं जागच्या जागी.
सोल्डर असं, की माझ्या उस्तादांनी हात जोडले असते.
चालू केलं. चाललं.
एक गाडी धावत होती एका रस्त्यावर,
रस्त्याला वळणं, कडेला झाडं, झाडांना सावल्यासुद्धा.
"मग काय चालत नाही?"
"हेच. हीच गाडी," मुश्ताक म्हणाला.
"दुसरी कॅसेट दापोलीत नाही, खेडला नाही,
मुंबईवाला म्हणतो, कंपनीनेच काढली नाही.
वर सहा सेल दीड तासात खलास."

पावतीवर मी लिहिलं : बिघाड काही नाही.
पैसे काय म्हणून घेणार?
तो डबा न्यायला तो परत आलाच नाही.

त्याच टेबलाच्या खणात
बर्फाच्या कारखान्यातल्या पोरांचा राखाडी डबा,
तिसऱ्यांदा आलेला.
काचेवर ओरखडे, पाठीला चिकटपट्टी,
डाव्या बटणाखालचं रबर
मीच सायकलच्या ट्यूबमधून कापलेलं.
रंग नाही, दिवा नाही, शेवाळी पडदा,
उन्हाकडे तिरका धरला तर दिसणार.
वरून चौकोन पडतात, खाली रचायचे,
ओळ भरली की गायब.
बस. एवढंच.
एवढ्यासाठी नऊ पोरं रांगेत,
कारखान्याच्या भिंतीवर कोळशाने आकडे :
जगन्या, अश्फाक, परत जगन्या,
आणि सगळ्यात वर, कुणाच्याच बापाला न खोडता आलेला,
हिराबाई पावशींचा,
ज्या फक्त बर्फ न्यायला आल्या होत्या.

त्यांना मी दोन्ही डबे दाखवले.
पदराला हात पुसत म्हणाल्या,
"लिलावात कोण इचारतंय रे,
लाँचीला इंजन किती घोड्यांचं?
टोपलीत काय आलं ते बोल."

मी हसलो. पण मला त्या सोल्डरचं वाईट वाटत राहिलं.
कुणीतरी कुठेतरी डोळे फोडून केलेलं काम,
आणि त्यात घालायला
कुणाकडे गंमत उरली नव्हती.

मग ती नारळी पुनवेनंतरची रात्र.
बंदरावर तीन नंबरचा बावटा.
'गंगासागर' परतली नव्हती.
दहाच्या सुमाराला जगन्या दुकानाच्या फळीशी आला.
"सेल हायत?"
विकायचे संपलेले,
मुश्ताकच्या डब्यातले सहा कधीच मेलेले.
मी भिंतीवरच्या घड्याळातला एक काढला,
रेडिओतला एक.
बातम्या तशाही ऐकायच्या नव्हत्या मला.

जेटीच्या टोकाला, शेडच्या आडोशाला,
टॉर्चच्या पिवळ्या गोलात
रात्रभर पडत राहिले चौकोन,
आणि तो रचत राहिला
समुद्राकडे पाठ करून.

उजाडताना सुवर्णदुर्गाच्या आडून
'गंगासागर' दिसली, एका अंगाला कललेली,
इंजिन बंद,
दुसऱ्या लाँचीच्या दोरावर.
जेटीवर एकच ओरडा. कुणी रडायला लागलं.
कुणी जगन्याला हलवलं.
"थांबा," तो म्हणाला, "ही ओळ होऊं दे."

धर्मा चौगले कमरेएवढ्या पाण्यातून चालत आला,
मिठाने पांढरा.
पोराच्या मागे उकिडवा बसला.
बराच वेळ बोलला नाही काही.
मग सुरकुतलेलं ओलं बोट
पोराच्या खांद्यावरून पुढे आलं :

"लांबडी आली. उभी घाल."