सातवं वळण

बोगद्याकडच्या उतारावर, सातव्या वळणाशी
मला उभं केलंय. हातात पिवळा बावटा,
कानांत बोळे, पायाशी
तेल शोषणाऱ्या भुकटीचं पोतं.

शुक्रवारी सराव, काल पात्रता, आज तीन तास.
गाड्या दिसायच्या आधी जमिनीतून येतात,
मग टाचांत, मग दातांत.

आम्हीही धावायचो. सावर्ड्याहून धक्क्यापर्यंत,
खेपेमागे पैसे,
म्हणून टिपर टिपरला मागे टाकायचा.
सात खेपा मारील तो त्या दिवसाचा राजा.
उल्हास वेळीप पाचव्या खेपेला गेला,
गुड्डेमळच्या वळणावर.
तांबडी धूळ एवढी, की मागचे चौघे
हॉर्न वाजवत राहिले,
बाजूला घे रे, बाजूला घे.

अकराव्या फेरीत निळी गाडी भिंतीला घासली
आणि आडवी झाली.
मी बावटा हलवला.
मागच्या सगळ्या, कोटी कोटींच्या,
शाळेतल्या पोरांसारख्या गप्प रांगेत आल्या.
ड्रायव्हर उतरला. हेल्मेट काढलं.
कुठल्या देशाचा कोण जाणे,
मिसरूडही धड फुटलं नव्हतं.

क्रेनने गाडी उचलून नेली.
वायरलेसवर कुणीतरी तीनदा म्हणालं,
रस्ता मोकळा, सात नंबर, पुरे आता.

मी हलवतच होतो.