खाना बावीस

नॉरिच. नोव्हेंबर. साडेतीनलाच दिवे.
टाकीचं झाकण उघडते,
नायट्रोजनचा धूर मनगटावरून ओघळतो.
रॅक सहा, पेटी चार, खाना बावीस.
थर्टलबाईंचं अक्षर, पेन्सिलीचं.
(शाई इतक्या थंडीत दगा देते, म्हणायच्या.)
'लार्टर ब्रुअरी. मोठा हौद. मार्च १९८१.'

त्या निवृत्त झाल्या. मग गेल्या.
यीस्ट तेवढं
त्याच मार्चात थांबलंय.

आज लार्टरांचा नातू आलाय.
पुराचं पाणी हौदात शिरलं, सगळं नासलं.
टोपी हातात धरून उभा,
शेजारच्या दारी वाटी घेऊन
विरजण मागायला आल्यासारखा.
खुर्ची दिली. बसला नाही.

कोमट पाण्यात कुपी धरायची,
बोटांत गोल फिरवायची,
घाई नाही, हयगयही नाही.
मग माल्टचा रस आणि पंचवीस अंशांची खोली.

पहिल्या दिवशी काही नाही.
दुसऱ्या दिवशीही.
त्याचा फोन वाजतो, मी उचलत नाही.

तिसऱ्या सकाळी फ्लास्कच्या कडेला
फेसाची बारीक दोरी.
मीच फोन केला. तो आला, वाकला, हुंगला.
मला वाटलं सफरचंद. तो म्हणाला,
"नाही. आमच्या जिन्याखालचा वास."
आणि मग बसला.

एक फ्लास्क त्याला दिला.
भांडं पुसून काढायचं नसतं;
थोडं मागे ठेवलं, नव्या कुपीत,
खाना बावीस.
लेबल लिहायला
पेन्सिल शोधली.